वरच्या मजल्यावरची थरथर

सोमवार

अन्याय अनेक प्रकारचे असतात. काहींसाठी न्यायालयं आहेत, काहींसाठी वर्तमानपत्रं. पण चहात छताचा चुना पडला तर दाद मागायला अख्ख्या जगात एक खिडकी नाही. आज सकाळी दवाखान्यात पहिला पेशंट यायच्या आधी मी कप तोंडाला लावला आणि वरून ‘धाड्’ झालं. मग पुन्हा धाड्. मग एकदम पुष्कळ टाचांचा गडगडाट. कपात लाटा उठल्या आणि एक पांढरा पापुद्रा अलगद येऊन चहावर तरंगू लागला. साय समजून मी तो प्यायले. हे मी कोणालाही सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

वरच्या मजल्यावर माझ्या वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, वर्ग काढलाय. सासऱ्यांनी घराची वाटणी करताना तळमजला मुलाला दिला आणि वरचा मुलीला, त्यामुळे मला ‘जागा रिकामी करा’ असंही म्हणता येत नाही. वन्संनी टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या. निवृत्त झाल्यावर त्या स्वस्थ बसतील, विणकाम करतील, असा माझा भाबडा समज होता. त्या कुठलासा अभ्यासक्रम करून आल्या आणि आता लोकांच्या अंगातला ताण काढतात. कसा? टाचा आपटून. हातपाय झटकून. तोंड मिटून गुणगुणून. ओल्या कुत्र्यासारखं थरथरून. ‘ताण डोक्यात नसतो, अगं, अंगात असतो,’ हे त्यांचं घोषवाक्य. असेना का अंगात. माझ्या चहात कशाला?

खाली मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘घाबरू नका, जबडा सैल सोडा’ सांगते. माझा स्वतःचा जबडा हल्ली नीट उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. उभी तीन बोटं तोंडात सहज मावायला हवीत, हे आमचं साधं माप. माझी दोनच मावतात, तीही वाद घालून. झोपेत मी दात खाते म्हणे. ‘गिरणी चालू असते,’ इति नवरा. त्याने आपला बिछाना बाहेरच्या खोलीत नेलाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “तिकडे वारा छान येतो.”

तिकडे खिडकी नाही.

बुधवार

आजही दोन पेशंट चौकातल्या दंतवैद्याकडे पाठवून दिले. दोघांच्या दाढा काढायच्या होत्या. कारण सांगितलं, ड्रिल चालवणारा कंप्रेसर बिघडलाय.

सिस्टरने ऐकून घेतलं. ही माझी मदतनीस, दवाखाना उघडला तेव्हापासूनची. पेशंट गेल्यावर तिने ट्रे पुसायला घेतला. तिला काही बोलायचं असलं की ती स्वच्छ ट्रे पुसते.

“मॅडम, कंप्रेसरवाला कालच येऊन गेला. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे.”

“त्याला काय कळतंय?”

“बरं. पण दात उपटायला कंप्रेसर लागतो कुठे? पकड तर हातानेच चालते.”

“सिस्टर, वाफेचं मशीन लावलंत का?”

“लावलं.” मग थोडा वेळ नुसतं पुसणं. “मॅडम, इंजेक्शन न देणाऱ्या दातांच्या दवाखान्यात काय करायचं असतं? कवळ्या धुवायच्या?”

माणसं जुनी झाली की जीभ सुटते. पगारवाढ द्यायला हवी किंवा कामावरून काढायला हवं. दोन्ही करवत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. या सगळ्याचा गणिताच्या बाईंच्या प्रसंगाशी काडीचाही संबंध नाही. गणिताच्या बाई म्हणजे या भागातल्या निम्म्या लोकांना, मलाही, शाळेत घाम फोडलेल्या बाई. मागच्या महिन्यात दाढ काढायला आल्या. मी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि बघता बघता बाई कागदासारख्या पांढऱ्या झाल्या. डोळे वर गेले. मी खुर्ची आडवी केली, पाय उंच केले, मनगट धरलं. नाडी लागेना. माझीच बोटं इतकी थरथरत होती की लागणार कशी? मग लागली. बाई उठून बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “कुठवर आलो होतो आपण?” नुसती भोवळ. पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद आहे तिच्यावर. काही म्हणजे काही झालं नाही. मी तो प्रसंग विसरूनसुद्धा गेले.

त्यानंतर कंप्रेसर बिघडला, एवढंच.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सहज म्हणून सिरिंज भरून हातात धरली. सुईचं टोक हवेत सही करत होतं. ठेवून दिली. दिवाही जरा मंद झालाय तिथला.

शुक्रवार

आज तक्रार करायला वर गेले. पूर्ण तयारीने गेले होते. चुन्याचा पापुद्रा पुरावा म्हणून कागदाच्या पुडीत घेतला होता.

दार उघडंच होतं. आत सगळे माझेच पेशंट! बेकरीवाला (खालच्या दातांचा पूल मी बसवलाय), वकीलीणबाई (हिरड्या), पोस्टातले निवृत्त नवराबायको (दोघांत मिळून एक पूर्ण बत्तिशी). सगळे अनवाणी, डोळे मिटून, टाचा उचलून धाडकन खाली टाकत होते. वन्सं ट्रॅकपँट घालून मधोमध. कपाळावर चष्मा, आणि हातातल्या टिपणांत चष्मा शोधणं चाललेलं.

“आलीस? चपला काढ.”

“वन्सं, मी तक्रार घेऊन आलेय.”

“घेऊनच ये. इथे सगळे तेच घेऊन येतात.”

“माझ्या चहात…”

“आधी तळवे जमिनीला लागू देत. मग बोल.”

पेशंटांसमोर तमाशा नको म्हणून मी चपला काढल्या. फरशी गार होती. वन्संना चष्मा सापडला. त्यांनी वाचायला सुरुवात केली, की घाबरलेल्या शरीराला शब्द कळत नाहीत. ‘शांत हो’ म्हटलं तर ते आणखी चिडतं. त्याला श्वासाची भाषा कळते, वजनाची कळते, आवाजाच्या कंपनाची कळते. श्वास घ्यायचा त्यापेक्षा सोडायचा सावकाश. सोडताना गुणगुणायचं. म्हणजे मग मेंदूतून निघून पोटापर्यंत गेलेली ती, काय बरं तिचं नाव, व्हे… व्हेगा…

“व्हेगस,” मी म्हटलं. “मेंदूची दहावी नस. तिला मी कॉलेजपासून ओळखते.”

“ओळखतेस ना? मग कधी भेटतेस तिला?”

वर्ग हसला. वकीलीणबाई जरा जास्तच हसल्या. त्यांच्या हिरड्या पुढच्या खेपेला बघते.

मग गुणगुणणं. बेकरीवाल्याने असा खर्ज लावला की खिडकीची काच त्याला साथ देऊ लागली. मी वैद्यकीय व्यक्ती आहे, मी फक्त निरीक्षण करत होते. ओठ मिटून उभी होते इतकंच. माझ्या घशातून काही आवाज आला असलाच तर तो आपोआप आला असणार. दात एकमेकांपासून किंचित सुटे ठेवा, असं वन्सं म्हणाल्या तेव्हा मात्र लक्षात आलं की माझे दात एकमेकांवर घट्ट रोवलेले होते. कोण जाणे कधीपासून.

मग मला जांभई आली. साधीसुधी नाही, पाणघोड्याला शोभेल अशी. जबडा ‘कट्’ वाजला. डोळ्यांतून पाणी आलं आणि बराच वेळ येतच राहिलं. खोलीत प्राणवायू कमी असणार. इतकी माणसं कोंबल्यावर दुसरं काय होणार?

पुडी तशीच खिशात राहिली.

रविवार

नवरा इमारतींच्या लिफ्टा तपासतो. सुट्टीच्या दिवशीही त्याचं बोलणं चौथा ते सहावा मजला एवढ्यातच फिरतं. आज नाश्त्याला बसलो होतो. मी टोस्टच्या कडा काढून, मधला मऊ भाग चहात बुडवून खात होते. तो बघत होता, पण बघत नसल्यासारखं.

“परवा एका हापिसात लिफ्ट अडकली होती,” तो म्हणाला.

“पडली?”

“लिफ्ट पडत नाही गं. सिनेमात पडते. दोर ढिला झाला, वेग वाढला, की खालचे जबडे रुळांना चावतात. जागच्या जागी गच्च.”

“काय चावतात?”

“जबडे. आम्ही जबडेच म्हणतो. चांगली गोष्ट असते ती. जीव वाचतो. पण लोकांना वाटतं, लिफ्ट बिघडली.”

“मग सोडवता कशी?”

“तिथेच तर नवशिके चुकतात. खाली ओढायला जातात. खाली ओढलं की ते आणखी घट्ट चावतात. आधी जराशी वर घ्यायची. जबडे सुटतात. मग हळूहळू खाली.”

मी टोस्ट खाली ठेवला. “हे तू मला का सांगतोयस?”

“लिफ्टचं सांगतोय.”

“लिफ्टचंच सांग.”

“लिफ्टचंच सांगतोय.” त्याने माझ्या टोस्टच्या कडा उचलून स्वतः खाल्ल्या आणि पेपर उघडला. पेपर कालचा होता.

न्हाणीघरात आरशासमोर उगीच एक प्रयोग करून बघितला. दात मुद्दाम घट्ट दाबले, आहेत त्याहून घट्ट, आणि मग एकदम सोडून दिले. पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. मग बोटं घालून पाहिली. दोन, आणि तिसऱ्याचं नख.

वन्संच्या वर्गातही ते असंच काहीसं करतात, मुठी आवळायच्या आणि सोडायच्या. पण त्या ते टिपण वाचून करतात. माझा प्रयोग यांत्रिकी शास्त्रावर आधारलेला होता.

मंगळवार

वन्सं दात साफ करून घ्यायला खाली आल्या. मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही म्हणून त्या वेळ मात्र भरपूर घेतात. तोंडात नळी, आरसा आणि माझी दोन बोटं असतानाही त्या बोलू शकतात, हे वैद्यकीय नियतकालिकात छापून यायला हवं.

“ऊ आस एस आईस,” त्या म्हणाल्या.

नळी काढली. “काय?”

“तू श्वास घेत नाहीस.”

“मी जिवंत आहे म्हणजे घेत असणार.”

“वाकलीस की रोखतेस. दाताजवळ हात आला की बंद. तुझं बघून माझाही अडकला. मघापासून मी इथे गुदमरतेय.”

“मग काय, तुमच्या तोंडावर श्वास सोडू?”

“मास्क कशाला लावलायस मग? शोभेला?”

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर स्वच्छ ट्रे पुसत होती.

कॉलेजात सरांनी शिकवलं होतं, की हात स्थिर हवा असेल तर क्षणभर श्वास रोखा. क्षणभर, म्हणाले होते. मी तेव्हा जो रोखला तो… असो. वन्सं गेल्यावर प्रत्येक पेशंटच्या वेळी लक्ष ठेवलं. खरं आहे. आरसा तोंडात गेला की माझा श्वास बंद, खांदे कानाशी, आणि पायाची बोटं चपलेत आवळलेली. आणि खुर्चीतला माणूसही नेमका तेव्हाच श्वास धरतो. दोघं मिळून बुडत असल्यासारखे. इतकी वर्षं मी समजत होते की पेशंट ड्रिलला घाबरतात.

वन्संना मात्र हे सांगणार नाही. त्या टिपणात लिहून घेतील.

गुरुवार

जी गोष्ट व्हायला नको होती ती झाली.

दुपारी दोन पेशंटांच्या मध्ये थोडा वेळ होता. सिस्टर डबा खायला गेली होती. मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि वरच्या वर्गातली ती थरथर, केवळ परीक्षण म्हणून, करून पाहिली. गुडघे जरा वाकवायचे आणि हलकेच हलवू लागायचं. मग कंप आपसूक मांड्यांत, पोटात, खांद्यांत चढतो. हरणाच्या मागे लागलेला वाघ निघून गेला की हरीण असंच थरथरतं आणि चरायला लागतं, असं वन्सं सांगतात. हरणाला विचारलंय कोणी? पण मान्य करायला हवं, बरं वाटत होतं. मी हात सोडले, मान सोडली, गालसुद्धा सोडले. गालांचा फडफड असा आवाज येत होता.

माझ्या दाराला दुधी काच आहे, हे मी विसरले.

बाहेर पोस्टातले आजोबा येऊन बसले होते. त्यांना काचेवर माझी आकृती दिसली. ते ओरडले, “शॉक! मॅडमना शॉक लागलाय! हात लावू नका कोणी!” आणि या वयात ज्या चपळाईने ते मीटरच्या खोलीत धावले ती कौतुकास्पद आहे. त्यांनी मेन स्विच पाडला आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. वर वन्संचा पंखा बंद पडला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन कागद गिळून बसलं. अंधारात दार ढकलून आजोबा लाकडी स्टूल घेऊन आत आले. मला विजेपासून सोडवायला ते स्टूलने मारणार होते.

“आजोबा! मी ठीक आहे!”

“मग नाचत का होतात?”

मी काय सांगणार? “पायाला मुंग्या आल्या होत्या,” म्हटलं.

आजोबांनी स्टूल खाली ठेवलं, त्यावर बसले, आणि धापा टाकत हसायला लागले. “वरचं आहे ना हे? गुडघ्यातलं? आमची ही तर भांडी घासतानाही करते. कप फुटतात.”

मीही हसले. हसता हसता तोंड चांगलंच उघडलं; माझ्या लक्षात आलं तेव्हा बंद केलं.

शनिवार

फोन वाजला. सिस्टरने रिसीव्हरवर हात ठेवून नुसते डोळे मोठे केले. गणिताच्या बाई.

“अगं, माझी दाढ ठणकतेय. मंगळवारी दुपारी येते.”

“बाई, माझा कंप्रेसर…”

“ऐकलं मी. चौकातल्याकडे जाऊन आले. तो गाणी लावतो आणि स्वतःच म्हणतो. मी त्याच्याकडून दात काढून घेणार नाही.”

“बाई, मागच्या वेळी तुम्हाला त्रास झाला. तुमच्या वयाला…”

“अर्धवट सोडलेलं उदाहरण मला चालत नाही. वर्गातही चालत नव्हतं. मंगळवारी.” फोन बंद.

सिस्टरने वहीत नाव लिहिलं आणि मला न विचारता कपाटातून पकडींचा संच उकळायला काढला.

आता खरं लिहायला हवं. इथे कोण वाचतंय? कंप्रेसर ठीक आहे. दिवाही ठीक आहे. मला सुई हातात धरवत नाही. ती धरली की मला बाईंचा पांढरा चेहरा दिसतो आणि न लागणारी नाडी. मंगळवारी जमलं तर जमलं. नाही जमलं तर पाटीवरचं ‘दात काढून मिळतील’ पुसून टाकायचं. मग पुढे ‘दात साफ करून मिळतील’ एवढंच, आणि त्यानंतर कधीतरी कुलूप. सिस्टर कुठे जाईल, मला ठाऊक नाही. मी कुठे जाईन, तेही नाही. मला दुसरं काही येत नाही. लोकांना टोमणे मारता येतात, पण त्याचा दवाखाना चालत नाही.

नवऱ्याला हे सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. फक्त संध्याकाळी मी भाजी चिरत होते तेव्हा माझ्या शेजारी बसून पाठीवर हात ठेवला, आणि काढलाच नाही. “विळी हलतेय,” मी म्हटलं. “हलू दे,” तो म्हणाला.

मंगळवार

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मीच वेगळं काहीतरी सांगेन.

दुपारी वर गेले. वन्संना एवढंच विचारायला, की आज टाचा आपटणार आहात का, कारण माझ्याकडे नाजूक काम आहे. वन्सं सतरंज्या अंथरत होत्या. भिंतीवर नवीन पत्रक लावलं होतं, मी ते नीट वाचलंही नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. मग अर्धवट अंथरलेली सतरंजी तशीच टाकली, चष्मा कपाळावर सरकवला, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाल्या, “चल.”

बाई खुर्चीत बसल्या होत्या. शाळेत जसा ताठ कणा तसाच. पण खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं पांढरी पडलेली. मी पहिल्यांदाच पाहिलं की गणिताच्या बाईंनाही भीती वाटते.

“आज भरपेट जेवून आलेय,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुला सांगायला विसरले. तुला सांगितलं असतं तर तू रागावली असतीस.”

“मी? तुम्हाला?”

“फार रागावतेस तू.”

सिस्टरने सिरिंज दिली. वाकले आणि झालं, सगळं परत आलं. श्वास बंद, खांदे कानाशी, सुईचं टोक सही करायला लागलं. मी थांबले. बाई माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मास्कच्या वर डोळेच तर दिसतात.

मागून, भिंतीपाशी उभ्या असलेल्या वन्संनी श्वास सोडला. नुसता सोडला. टायरमधून हवा जावी तसा, लांबलचक, निर्लज्जपणे. मग बारीक आवाजात गुणगुणायला लागल्या. कसलंही गाणं नाही, एकच सूर. मी चपलेतली बोटं पसरली. टाचा जमिनीवर रुतवल्या. दात आधी घट्ट आवळले, मग सोडले. आणि मास्कच्या आत तोच सूर धरला. मास्क गालावर थरथरला, गरम.

“हे काय चाललंय?” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्हीही करा. ओठ मिटून. श्वास सोडताना.”

“तोंड उघडं ठेवू की मिटू? एक काहीतरी सांग.”

“आधी मिटा. मग उघडा.”

बाई गुणगुणल्या. अगदी बेसूर, पण आत्मविश्वासाने. सिस्टर ट्रे धरून गुणगुणली. दवाखान्यात चार बायका मधमाश्यांसारख्या गुंजारव करत उभ्या, बसलेल्या. बाहेरच्या पेशंटांना वाटलं असेल फ्रीज बिघडला. बाईंची बोटं खुर्चीवरून सुटली. रंग परत आला. मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं, श्वास सोडत राहिले, आणि सोडता सोडताच सुई आत गेली. टोक स्थिर होतं. मी ते पाहिलं. हात माझाच होता.

बाईंच्या गालावर लाली तशीच. मी मनगट धरलं आणि नाडी पहिल्याच बोटाला लागली, शाळेच्या घंटेसारखी.

दाढ निघायला वेळ लागला. मुळं वाकडी होती. बाहेर आल्यावर बाईंनी ती हातात घेऊन बघितली आणि कापूस दाबलेल्या तोंडाने काहीतरी म्हणाल्या. “उत्तर बरोबर” असं सिस्टरला ऐकू आलं. मला नुसतंच “अरेरे” ऐकू आलं.

त्या गेल्या आणि माझे पाय गेले. स्टुलावर बसले. हात, गुडघे, हनुवटी, सगळं थरथरायला लागलं. मी थांबवायला गेले तर वन्सं म्हणाल्या, “थांबवू नकोस गं. होऊ दे. वाघ गेलाय.” आणि शेजारी उभ्या राहिल्या, माझं डोकं पोटाशी धरून. त्यांच्या ट्रॅकपँटला डांबरगोळ्यांचा वास येतो.

बुधवार

सकाळपासून तीन दाढा काढल्या. चौकातल्याला फोन करून सांगितलं, कंप्रेसर दुरुस्त झाला. तो म्हणाला, “अभिनंदन.” कंप्रेसरचं कोणी अभिनंदन करतं का? विचित्र माणूस.

सिस्टरने आज एकही स्वच्छ ट्रे पुसला नाही.

नवरा संध्याकाळी बिछाना घेऊन आत आला. म्हणाला, “तिकडे फार वारा येतो.” मी म्हटलं, “खिडकी लाव.” तो म्हणाला, “हो, लावली.”

जेवताना त्याने सहज सांगितलं, तेव्हा मला कळलं. काल दुपारी वन्संचा वर्ग नव्हता. काल त्यांचा नवीन लोकांसाठीचा मोफत प्रयोग होता. वर्ग पुढे चालवायचा की नाही, ते त्या त्यावर ठरवणार होत्या. जुने लोक गळायला लागलेत, पंख्याचं बिलसुद्धा निघत नाही. त्यांनी पत्रकं स्वतः वाटली होती, भर उन्हात. माणसं आली. बरीच आली. दाराला कुलूप बघून जिन्यात थोडा वेळ उभी राहिली, आणि ‘फुकटचं असंच असतं’ म्हणत गेली.

“वन्सं काय म्हणाल्या तुला?” मी विचारलं.

“काही नाही. म्हणाली, शनिवारी पुन्हा ठेवते. येतील.” त्याने पोळी मोडली. “तिला वाटत नाही येतील.”

मी वन्संना जिन्यात भेटले होते दोनदा. काल आणि आज. दोन्ही वेळा त्या मी काढलेल्या दाढांबद्दलच विचारत होत्या.

शनिवार

प्रयोगाला गेले. मागच्या भिंतीला टेकून बसले, दारापाशी, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी.

फार माणसं नव्हती. जी होती ती हाताची घडी घालून बसली होती. बँकेतला कॅशियर, त्याची बायको, एक दोन व्यायामशाळेतले, तोंडावर ‘बघूया’ असा भाव. वन्संनी आज ट्रॅकपँटवर इस्त्रीचा सदरा घातला होता. चष्मा डोळ्यांवर होता, तरी त्या ओळ चुकल्या. व्हेगसचं नाव बरोबर घेतलं आणि पुढचं वाक्य विसरल्या. कॅशियर घड्याळाकडे बघायला लागला.

“आता,” वन्सं म्हणाल्या, “कोणीतरी पुढे या. करून दाखवू. थरथरायचं असतं, सोपं आहे.”

कोणी हललं नाही. एक खुर्ची करकरली, बस्स. व्यायामशाळेतल्या एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. कॅशियरची बायको पर्स शोधू लागली. वन्संनी सगळीकडे नजर फिरवली. माझ्यापर्यंत आली तशी ती चटकन दुसरीकडे वळवली, मला संकोच वाटू नये म्हणून.

कॅशियरच्या तोंडातला पुढचा दात मी बसवलाय. त्याच्या बायकोला दर सहा महिन्यांनी रागावते. या मंडळींत माझा एक दरारा आहे, तो कमवायला मला बरीच वर्षं लागली.

मी उठले. चपला भिंतीशी जोडून ठेवल्या आणि पुढे गेले. वन्संच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून उभी राहिले.

सुरुवात गुडघ्यांपासून करायची असते.